नागपूरच्या हवेत मॉन्स्टेरा: नवख्यांसाठी क्रमवार मार्गदर्शक

मॉन्स्टेरा डेलिसिओसा हा मोठ्या, चिरा-छिद्रांच्या पानांचा शोभेचा वेल आता नागपुरात घरोघरी दिसतो. पावसाळ्यात घेतलेलं रोप दिवाळीपर्यंत छान वाढतं, होळीनंतर त्याच्या पानांच्या कडा करपायला लागतात आणि मे संपता संपता कुंडीत नुसता काळा पडलेला देठ उरतो. हे इतक्या घरांमध्ये याच क्रमाने होतं की झाडाला दोष देण्यात अर्थ नाही. बहुतेक ठिकाणी वाचायला मिळणारा सल्ला मुंबई-कोकणच्या दमट हवेसाठी किंवा थंड देशांतल्या बंद घरांसाठी असतो. एप्रिल-मेच्या दुपारी नागपूरची हवा इतकी कोरडी होते की सापेक्ष आर्द्रता २० टक्क्यांच्या खाली जाते. तिथे तो सल्ला चालत नाही.

माझं सांगणं एकच आहे. नागपुरात हे झाड पाण्याच्या कमतरतेने क्वचित मरतं. कोरड्या हवेने पान करपतं, आपल्याला वाटतं की तहान लागली, म्हणून आपण पाणी ओतत राहतो आणि मुळं सडतात. म्हणून हवा आणि माती आधी समजून घ्या, पाण्याचं वेळापत्रक त्यातून आपोआप ठरेल.

१. आधी झाड ओळखा

मॉन्स्टेरा मूळचा दक्षिण मेक्सिकोपासून पनामापर्यंतच्या पावसाळी जंगलांतला. तिथे तो मोठ्या झाडांच्या खोडाला धरून वर चढतो. देठावरच्या गाठींतून हवेत मुळं सोडतो, त्यांनी सालीला पकड घेतो आणि पालापाचोळ्यातून ओलावा ओढतो. डोक्यावर दाट छत्र असतं, त्यामुळे ऊन गाळून मिळतं. घरात त्याला जे काही द्यायचं ते यावरूनच ठरतं: गाळलेला भरपूर उजेड, दमट हवा, मोकळी हवेशीर माती आणि चढायला आधार.

तो अळू आणि सुरणाच्या कुळातला आहे. कच्च्या अळूने घसा खाजतो तो ज्या कॅल्शियम ऑक्झलेटच्या सूक्ष्म स्फटिकांमुळे, तेच याच्या पानादेठांतही असतात. घरात रांगतं बाळ, मांजर किंवा कुत्रं असेल तर कुंडी त्यांच्या तोंडाच्या उंचीवर ठेवू नका. छाटणी केल्यावर हात साबणाने धुवा, चीक डोळ्याला लावू नका.

लहान रोपाच्या पानांना छिद्रं नसतात. ती वयानुसार आणि उजेडानुसार येतात. त्यामुळे अखंड पानांचं रोप मिळालं म्हणून फसवलं गेल्यासारखं वाटून घेऊ नका. फसवणूक होते ती वेगळ्या प्रकारे. कडेपासून चिरलेल्या पानांचा फिलोडेंड्रॉन काही ठिकाणी मॉन्स्टेरा म्हणून विकला जातो. खरा मॉन्स्टेरा मोठा झाला की पानाला कडेच्या चिरा असतात आणि मधल्या शिरेलगत लहान छिद्रंही असतात. ‘ब्रोकन हार्ट’ म्हणून मिळतो तो मॉन्स्टेराचाच लहान पानांचा भाऊबंद. तोही चांगला आहे, पण वाढतो वेगळ्या ढंगाने. आणि पांढऱ्या ठिपक्यांच्या मॉन्स्टेराच्या बिया ऑनलाइन दिसल्या तर पैसे घालवू नका. तो पांढरेपणा बियांतून भरवशाने उतरत नाही, ती रोपं कटिंगपासून किंवा प्रयोगशाळेतल्या उतीसंवर्धनातूनच तयार करतात.

२. रोप कधी आणि कसं घ्यायचं

सर्वांत चांगला काळ म्हणजे पाऊस नीट लागल्यापासून पोळ्याच्या सुमारास मारबत निघेपर्यंत. दुसरा बरा काळ फेब्रुवारीचा. मार्च ते मृगापर्यंत रोप घेऊ नका, कितीही स्वस्त मिळालं तरी. नागपुरात विकायला येणारी बरीचशी रोपं आंध्रातल्या कडियमसारख्या ठिकाणी, दमट हवेत आणि हिरव्या नेटखाली वाढवलेली असतात. ट्रकमधून उतरून थेट विदर्भाच्या झळा त्यांना सोसत नाहीत.

नर्सरीत गेल्यावर फुललेल्या पानांवर भाळू नका. पान उलटून मागची बाजू बघा. शिरांच्या कडेला कापसासारखे पुंजके असतील तर तो पिठ्या ढेकूण, ते रोप तिथेच ठेवा. मग देठ मातीला टेकतो तिथे बोटाने दाबून बघा, मऊ लागला तर आतून सड सुरू आहे. चार मोठ्या पानांच्या झाडापेक्षा दोनच पानं पण टोकाला गुंडाळलेलं नवं पान बाहेर पडत असलेलं रोप कधीही चांगलं. एका कुंडीत तीन-चार बारीक रोपं खोचून ती भरगच्च दाखवलेली असतात, त्यापेक्षा एकच जाड देठ घ्या.

दुचाकीवर आणणार असाल तर पानं वर गोळा करून जुन्या साडीत सैल गुंडाळा. वाऱ्याने फाटलेलं पान पुन्हा सांधत नाही. घरी आल्यावर दोन-तीन आठवडे बाकीच्या झाडांपासून लांब ठेवा. या काळात खत नाही, कुंडी बदलणं नाही.

३. जमवायचं सामान

हे सगळं नागपुरात मिळतं. खतं आणि कोकोपीटसाठी (नारळाच्या शेंड्यांचा भुगा) कॉटन मार्केट परिसरातली कृषी केंद्रं बघा, सुतळी-काथ्या इतवारीत स्वस्त पडतो.

- आत्ताच्या मुळांच्या गोळ्यापेक्षा दोन इंच रुंद कुंडी, तळाला किमान चार-पाच छिद्रं असलेली
- कोकोपीटची वीट
- गांडूळखत
- परलाइट (माती मोकळी ठेवणारे पांढरे, हलके खडे), नाहीतर भाजलेला धानाचा कोंडा (म्हणजे तूस, दाण्यावरचं टरफल)
- लाकडी कोळशाचे किंवा नारळाच्या शेंड्यांचे बोटभर तुकडे
- निंबोळी पेंड, मूठभर
- नीम तेल आणि पातळ साबण
- धारदार कात्री आणि ती पुसायला सॅनिटायझर
- आधारासाठी फळी किंवा काठी, बांधायला सुती कापडाच्या पट्ट्या
- लांब बांबूची काडी, माती तपासायला

ओलावा मोजायचं काट्याचं यंत्र घेऊ नका. अशा मोकळ्या मिश्रणात ते चुकीचं दाखवतं. बांबूची काडी त्याहून भरवशाची आहे.

४. माती

बागेतली काळी माती कुंडीत भरू नका. आपली काळी माती पाण्याने फुगते आणि वाळली की भेगाळते. शेतात कापसाला ती मानवते, पण कुंडीत ओली असताना मुळांना हवा मिळत नाही आणि वाळताना बारीक मुळं तुटतात. नर्सरीतून येणारा लाल चिकट मातीचा गोळाही तितकाच वाईट. मे महिन्यात तो विटेसारखा घट्ट होतो आणि पाणी त्याच्या बाजूने वाहून जातं.

मिश्रण असं करा: दोन भाग कोकोपीट, एक भाग गांडूळखत, एक भाग परलाइट किंवा भाजलेला कोंडा, एक भाग कोळसा किंवा शेंड्यांचे तुकडे, वर मूठभर निंबोळी पेंड. भंडारा-गोंदियाकडून येणारा धानाचा कोंडा आपल्याकडे सहज मिळतो, पण कच्चा घालू नका, तो कुंडीत कुजताना गरम होतो. आधी भाजून काळपट करून घ्या, राख होऊ देऊ नका. चुलीची राख तर अजिबात नको, ती माती खारट करते.

कोकोपीट दोनदा भिजवून पिळून घ्या. नारळाच्या शेंड्यात मीठ असतं आणि आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यात आधीच क्षार भरपूर. दोन्ही मिळून पानांची टोकं जळतात.

५. कुंडी बदलणं

जुलै-ऑगस्टमध्ये करा. आदल्या दिवशी रोपाला पाणी घाला. दुसऱ्या दिवशी गोळा बादलीभर पाण्यात बुडवून ठेवा, लाल माती आपोआप सुटायला लागते. ती बोटांनी हळूहळू झटका, ओढू नका. पांढरी किंवा बदामी, टणक मुळं चांगली. काळी आणि चोळल्यावर साल सुटून आत दोऱ्यासारखं उरणारी मुळं सडलेली, ती कापून टाका. मिश्रण कुंडीत भरताना दाबून ठोकू नका, कुंडी दोनदा आपटली की पुरे.

मातीची कुंडी की प्लॅस्टिकची? मी या झाडासाठी प्लॅस्टिकची निवडते. मातीची कुंडी पावसाळ्यात उत्तम, पण उन्हाळ्यात ती सगळ्या बाजूंनी ओलावा उडवते आणि मिश्रण दोन दिवसांत कोरडं ठणठणीत होतं. माती मोकळी असेल आणि तळाला छिद्रं पुरेशी असतील तर प्लॅस्टिकच्या कुंडीत काही अडत नाही.

६. जागा

पूर्वेची खिडकी सर्वांत चांगली, सकाळचं कोवळं ऊन त्याला चालतं. उत्तरेची चालते, वाढ मंद होते. दक्षिण-पश्चिमेच्या खिडकीत काचेतून येणारं दुपारचं ऊन पान भाजतं. एकाच बाजूने फिकट, कागदासारखे डाग पडतात आणि ते परत हिरवे होत नाहीत. तिथेच ठेवायचं असेल तर खिडकीपासून चार-पाच फूट आत, पांढऱ्या पडद्याआड.

अंधाऱ्या कोपऱ्यात ते जगतं, पण देठ लांबुळके होतात, दोन पानांमधलं अंतर वाढतं आणि छिद्रं येत नाहीत. सोपी परीक्षा: सकाळी दहा वाजता झाडाच्या जागी दिवा न लावता वर्तमानपत्र आरामात वाचता आलं पाहिजे.

दर पंधरवड्याला कुंडी थोडी फिरवा. आठवड्यातून एकदा पानं ओल्या फडक्याने दोन्ही बाजूंनी पुसा. आपल्याकडे धूळ प्रचंड आहे आणि धुळीचा थर उजेड अडवतो. नारळाचं तेल किंवा दूध लावून पान चमकवू नका, त्यावर धूळ दुप्पट बसते.

७. पाणी

वाराने पाणी घालू नका. ‘दर सोमवारी’ वगैरे नियम इथे मोडतात, कारण याच शहरात ऑगस्टमध्ये माती आठवडाभर ओली राहते आणि एप्रिलमध्ये तीन दिवसांत वाळते. बांबूची काडी कुंडीत तळापर्यंत खुपसा, पाच मिनिटांनी काढा. वरचा एक तृतीयांश भाग कोरडा आणि खाली ओलसर असेल तर पाणी द्या. काडी वरपासून ओली निघाली तर थांबा, पान कितीही मलूल दिसत असलं तरी. देताना तळातून पाणी वाहीपर्यंत द्या आणि ताटलीतलं पाणी अर्ध्या तासात ओतून टाका. ताटलीत साचलेल्या पाण्यात डेंग्यूचे डास होतात, तेही लक्षात ठेवा.

आता पाणी कुठलं, हे जास्त महत्त्वाचं आहे. पेंच आणि कन्हानवरून येणारं नळाचं पाणी चालतं. रात्री बादलीत भरून ठेवा आणि सकाळी घाला. उन्हाळ्यात दुपारी गच्चीवरच्या टाकीचं पाणी थेट कधीही घालू नका. हात भाजेल इतकं ते तापलेलं असतं आणि मुळं उकडतात. बोअरचं पाणी असेल तर महिन्यातून एकदा नळाचं किंवा पावसाचं पाणी कुंडीच्या तिप्पट ओतून क्षार धुऊन काढा.

आरओचं वाया जाणारं पाणी घालू नका, गाळलेले सगळे क्षार त्यात गोळा झालेले असतात. आणि कूलरच्या टाकीतलं उरलेलं पाणीसुद्धा नको. काटकसर म्हणून ते अनेक घरांत कुंड्यांना घालतात. पण कूलर दिवसभर त्यातलं पाणी उडवतो आणि क्षार मागे ठेवतो. हंगामाच्या शेवटी वाळ्याच्या ताट्यांवर जो पांढरा थर दिसतो तोच तुम्ही कुंडीत ओतत असता. एसीतून ठिबकणारं पाणी मात्र खुशाल वापरा, ते हवेतल्या वाफेचं झालेलं पाणी असतं, त्यात क्षार जवळपास नसतात.

उन्हाळ्यात एक आणखी अडचण येते. कोकोपीट पूर्ण वाळलं की पाणी धरतच नाही. वरून ओतलेलं पाणी कुंडीच्या कडेने खाली जातं, आपल्याला वाटतं झाड पाणी प्यालं आणि आतला गोळा कोरडाच. अशा वेळी कुंडी घमेल्यात ठेवून अर्धा तास खालून पाणी शोषू द्या.

८. कूलर, एसी आणि कोरडी हवा

नागपूरकरांकडे जे साधन आहे ते मुंबईकरांकडे नाही: डेझर्ट कूलर. कूलर हवा थंड करता करता दमट करतो, आणि मॉन्स्टेराला नेमकं तेच हवं असतं. फक्त दोन गोष्टी सांभाळा.

पहिली, झोत थेट पानावर नको. सतत हलणारं पान कडेने फाटतं आणि वाळतं. कूलर ज्या खोलीत आहे तिथेच, पण झोताच्या रेषेपासून बाजूला, पाच-सहा फुटांवर ठेवा. घरात बंगई (झोपाळा) असेल तर ती जागा बहुधा झोतातच येते, तिथे नको.

दुसरी, आणि इथेच बहुतेक झाडं जातात. कूलरच्या खोलीत मे महिन्यातही माती लवकर वाळत नाही. बाहेर ४५ अंश आहे म्हणून आपण रोज पाणी घालतो, पण झाड ज्या हवेत उभं आहे ती २८-३० अंशांची आणि ओलसर आहे. काडी घालून बघा, आठवड्यातून एकदा पाणी पुरत असल्याचं दिसेल. त्याच घरात बिनाकूलरच्या खोलीत मात्र तिसऱ्या दिवशी लागतं.

एसीच्या खोलीचं उलटं आहे. थंडावा आहे, पण एसी हवेतली ओल काढून घेतो. तिथे ठेवायचं असेल तर चार-पाच झाडं जवळजवळ ठेवा. एकमेकांच्या पानांतून निघणारी वाफ सगळ्यांना मिळते. पानांवर फवारा मारल्याने बरं वाटतं, पण त्या हवेत पाच-दहा मिनिटांत तो उडून जातो, त्याच्या भरवशावर राहू नका.

नवतपाचे नऊ दिवस, २५ मेपासून पुढे, सर्वांत कठीण. २०१३ मध्ये तर नवतपा लागण्याआधीच, २३ मे रोजी, नागपूरचा पारा ४७.९ वर गेला होता. या दिवसांत झाड गॅलरीत ठेवू नका, हिरवी नेट असली तरी नाही. नेट ऊन अडवते, झळ नाही. दुपारी खिडकी बंद, वाळ्याचा पडदा ओला, झाड घराच्या मधल्या खोलीत. गावाला जाणार असाल आणि कूलर बंद राहणार असेल तर आदल्या दिवशी पाणी देऊन कुंडी न्हाणीघरात ठेवा, जिथे थोडा उजेड येतो. शेजाऱ्यांना रोज पाणी घालायला सांगू नका. प्रेमाने ते जास्तच घालतात.

९. पावसाळा आणि हिवाळा

पहिला जोराचा पाऊस होऊन हवा निवली की झाड गॅलरीत, छताखाली न्या. जुलै ते सप्टेंबर हाच त्याचा खरा वाढीचा काळ आहे, नवी पानं याच दिवसांत येतात. सकाळी पानांच्या टोकाला पाण्याचे थेंब दिसले तर घाबरू नका, माती तृप्त आहे एवढाच त्याचा अर्थ. सतत झडीत मात्र उघड्यावर ठेवू नका.

खतही याच काळात. १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात) हे पाण्यात विरघळणारं खत लिटरला एक ग्रॅम, पंधरा-वीस दिवसांनी, ओल्या मातीत. ऑक्टोबरनंतर बंद.

हिवाळ्याकडे नागपूरकर दुर्लक्ष करतात. १० अंशांच्या खाली याची वाढ थांबते, आणि २९ डिसेंबर २०१८ ला इथे ३.५ अंश नोंदले गेले होते. डिसेंबर-जानेवारीत रात्री झाड आत घ्या, पान थंड काचेला टेकू देऊ नका, पाणी बारा-पंधरा दिवसांनी, तेही काडी बघून.

१०. आधार

नर्सरीत मिळणारी काथ्याची बारीक काठी या झाडाला पुरत नाही. दोन वर्षांत झाड तिला घेऊन आडवं होतं. मॉसच्या (शेवाळाच्या) काठीवरचं मॉस आपल्या उन्हाळ्यात सकाळी भिजवलं की दुपारी कुरकुरीत होतं. आरामशीनवर जाऊन साल असलेली सागाची कडेची फळी मागा, चार इंच रुंद, तीन-चार फूट लांब. खरबरीत सालीला हवेतली मुळं स्वतःहून चिकटतात.

झाडाला पुढची आणि मागची बाजू असते. मुळं जिकडून फुटतात ती मागची, फळी तिकडेच लावा. कापडाची पट्टी जाड देठाला बांधा, पानाच्या दांड्याला नाही, कारण दांडा उजेडाकडे फिरायला मोकळा हवा. हवेतली मुळं कापू नका. खालची कुंडीत वळवा, वरची फळीवर.

११. पान काय सांगतं

कडा तपकिरी, कुरकुरीत आणि बाकी पान टणक: कोरडी हवा किंवा क्षार. पाणी वाढवू नका. खालची दोन-तीन पानं एकदम पिवळी आणि माती ओली: मुळं सडताहेत, लगेच उपटून बघा. सर्वांत जुनं एकच पान हळूहळू पिवळं पडलं तर ते वयाने, जाऊ द्या. पानावर राखाडी बारीक ठिपके आणि मागे जाळी: लाल कोळी. कोरड्या उन्हाळ्यात हा हमखास येतो. न्हाणीघरात नेऊन पानांची मागची बाजू पाण्याच्या धारेने धुवा, मग लिटरभर पाण्यात पाच मिली नीम तेल आणि दोन मिली साबण मिसळून संध्याकाळी फवारा, आठवड्याने पुन्हा, असं तीनदा. फवारलेलं झाड उन्हात ठेवू नका. पिठ्या ढेकणालाही हेच, फक्त आधी पुंजके सॅनिटायझरमध्ये बुडवलेल्या कापसाने पुसून काढा.

१२. एका झाडाची दोन

गाठीशिवाय नुसतं पान पाण्यात ठेवलं तर त्याला फार तर मुळं येतील, झाड कधीच येणार नाही. देठावर गाठ, शक्यतो हवेतलं मूळ आणि एक पान असा तुकडा कापा. कात्री आधी पुसा. कापलेली जागा सावलीत काही तास वाळू द्या, मग गाठ बुडेल इतक्या पाण्यात ठेवा. पाणी तीन दिवसांनी बदला. पावसाळ्यात तीन-चार आठवड्यांत मुळं दोन-तीन इंच होतात, तेव्हा वरच्याच मिश्रणात लावा. पहिले दोन आठवडे माती जरा जास्त ओलसर ठेवा, कारण पाण्यात आलेल्या मुळांना कोरडेपणाची सवय नसते. दिवाळीनंतर कटिंग करू नका, थंडीत मुळं येण्याआधी देठच कुजतो.

कापलेल्या मूळ झाडाला काही होत नाही. काही आठवड्यांत खालच्या गाठीतून नवा कोंब निघतो, कधी दोन. दोन निघाले तर दोन्ही राहू द्या.